मजुरी तपासणीची घ्या, अंदाजाची नको

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, ऑटो इलेक्ट्रिक आणि सुट्या भागांच्या दुकानदारीवर पोट भरतो. हे हुन्नर शाळेतून आलेले नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड देता देता शागीर्द शिकला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात कान आणि हात एवढ्यावर काम भागत असे. इंजिनाचा आवाज ऐकायचा, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, प्लगचा रंग पाहायचा, झाले. फ्युएल इंजेक्शन आल्यावर मात्र कानाला न ऐकू येणाऱ्या गोष्टी इंजिन चालवू लागल्या आणि इथेच आपल्या धंद्यात एक वाईट सवय शिरली. ती म्हणजे "हा सेन्सर बदलून बघू, नाही तर तो बदलू." बदलून बघणारा मिस्त्री, पैसे भरणारे गिऱ्हाईक. या सवयीविरुद्ध स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

उदाहरण म्हणून थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचे इंजिन घेऊ. १९८७ ते १९९५ या काळात जनरल मोटर्सच्या शेवरोले व जीएमसी ट्रकांवर ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन या पद्धतीने येत असे. कोकणातून आखातात जाऊन तिथल्या गॅरेजमध्ये घाम गाळलेल्या अनेक बांधवांनी अशा अमेरिकन गाड्या हाताळल्या आहेत. अमेरिकेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हे इंजिन बसवण्याचा प्रकार सर्रास चालतो. इंजेक्शनच्या सर्व पद्धतींत ही सर्वांत साधी. कार्ब्युरेटरच्याच जागी दोन इंजेक्टर बसवलेले असतात आणि ते वरून पेट्रोल फवारतात. म्हणून जुन्या मिस्त्रीला नवी विद्या समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही.

हिशोब कसा चालतो?

यातील कॉम्प्युटर आत येणारी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधील दाब, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि थ्रॉटलची स्थिती यांवरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि तेवढे पेट्रोल सोडतो. सायलेन्सरच्या पाइपातील ऑक्सिजन सेन्सर जळालेल्या धुराची खबर देतो आणि त्यावरून कॉम्प्युटर आपला हिशोब दुरुस्त करतो. म्हणजे खबर चुकीची गेली तर हिशोबही चुकणार.

इंजिन बदललेल्या गाडीत बिघाड बहुधा महागड्या भागांत नसतो, जोडणीत असतो. पहिली तपासणी पेट्रोलच्या दाबाची. या पद्धतीला चौरस इंचाला ९ ते १३ पौंड दाब लागतो. कार्ब्युरेटरचा जुना पंप एवढा दाब देत नाही, तर दुसऱ्या प्रकारच्या इंजेक्शनचा पंप याच्या तिप्पट-चौपट दाबासाठी बनलेला असतो. टाकीकडे परत जाणारी नळीही मोकळी हवी. गेज न लावता इंजेक्टर बाद ठरवणारा मिस्त्री नाडी न पाहता औषध देणाऱ्या हकीमासारखा आहे.

दुसरी तपासणी अर्थिंगची. बॅटरीपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत आणि कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या तारांपर्यंत जोड स्वच्छ व घट्ट हवेत. रंगावर बसवलेली अर्थिंग अर्धा डझन खोटे दोष दाखवते.

तिसरी तपासणी टायमिंगची. इथे जुन्या सवयीने हमखास घोटाळा होतो. कॉम्प्युटर स्वतः टायमिंग पुढे नेत असतो. म्हणून त्याची बायपासची एकेरी तार आधी सोडवावी लागते. ही तार बहुधा काळी रेघ असलेली फिकट तपकिरी असते. मग डिस्ट्रिब्युटर फिरवून कारखान्याने सांगितलेले मूळ टायमिंग लावायचे. या ट्रकांच्या ५.७ लिटर इंजिनावर ते बहुधा शून्य अंश असते. त्यानंतर तार परत जोडायची. तार न सोडता लावलेले टायमिंग चुकतेच, आणि मग गाडी ओढत नाही म्हणून दोष दुसऱ्याच कुणाच्या माथी जातो.

सेन्सर हा साक्षीदार आहे

या गाड्यांत महागड्या मशीनशिवायही दोष वाचता येतो. तपासणीच्या बारा खाचांच्या सॉकेटमधील 'ए' आणि 'बी' या खाचा तारेने जोडून, इंजिन सुरू न करता चावी फिरवली की डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकतो. प्रथम १२ हा आकडा तीनदा येतो. तो दोष नव्हे, दिव्याची यंत्रणा ठीक असल्याची खूण आहे. त्यानंतर साठवलेले दोष एकेक करून तीन-तीनदा येतात. परंतु खरी अक्कल इथून पुढे लागते.

समजा दिव्याने ४४ दाखवले. याचा अर्थ धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. घाईचा मिस्त्री लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतो. वास्तविक सेन्सरच्या आधी पाइपाचा जोड फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. प्लग मिस मारत असेल तर न जळलेल्या हवेतील ऑक्सिजन तसाच पुढे येतो. पंपाचा दाब कमी असेल तरीही हाच आकडा येतो. सेन्सरने खरी साक्ष दिली आणि आपण साक्षीदारालाच फाशी दिली! उलट पाइप फुटका असता कॉम्प्युटर त्या साक्षीवर विसंबून पेट्रोल वाढवत जातो. मग काळा धूर येतो, आणि धूर पाहून पुढचा मिस्त्री इंजेक्टर बदलायला सांगतो.

तापमानाच्या सेन्सरचे उदाहरण याहून सोपे. कॉम्प्युटरचा सेन्सर दोन तारांचा, काट्याचा सेन्सर एका तारेचा. इंजिन बदलताना कॉम्प्युटरची तार तुटकी राहिली तर इंजिन उणे ४० अंशांवर गोठले आहे असे त्याला वाटते आणि तो भरमसाट पेट्रोल ओततो. साध्या मल्टिमीटरने हे दोन मिनिटांत कळते. २० अंशांच्या आसपास सेन्सरचा रोध सुमारे ३४०० ओहम आणि १०० अंशांच्या आसपास सुमारे १८५ ओहम हवा.

गाडी सिग्नलला थांबताना बंद पडते? वेगाची खबर देणारा सेन्सर जोडला आहे का ते पाहा. बराच वेळ स्टार्टर मारल्यावरच सुरू होते? पंपाचा रिले तपासा. तो मेला असेल तर तेलाचा दाब तयार झाल्यावर दुसऱ्या स्विचमधून पंपाला वीज मिळते, म्हणूनच उशीर होतो. फेरे उगाच चढलेले? व्हॅक्युमची एखादी नळी सुटली असेल. हे सर्व ठीक झाल्यावरच कॉम्प्युटरमधील चिपचा, म्हणजे खऱ्या ट्यूनिंगचा विचार करावा. कॅम किंवा इंजिनाचा आकार बदलला असेल तर चिप बदलावी लागते. पण फुटक्या पाइपावर चिपचा इलाज नाही.

प्रश्न पैशाचा आहे

आता कुणी म्हणेल, तपासणीला तास-दोन तास जातात, त्याचे पैसे कोण देतो? ही तक्रार खरी आहे. आपले गिऱ्हाईक डब्यातून निघालेल्या नव्या भागाचे पैसे कुरकुर न करता देते, पण "काही बदलले नाही, तार घट्ट केली" म्हटले की मजुरी द्यायला का-कू करते. म्हणून मिस्त्रीही भाग बदलून त्यातूनच मजुरी काढतो. दोष दोघांचा आहे, परंतु सुरुवात आपण करायला हवी. तपासणीची मजुरी ठरवा, पाटीवर लिहा, गाडी हातात घेण्याआधी सांगा. डॉक्टर तपासणीची फी घेतो, वकील सल्ल्याची घेतो, मग कारागिराने आपल्या अकलेचे मोल लपवून का घ्यावे?

ज्याबद्दल स्वतःलाच खात्री नाही तो भाग खात्री असल्याच्या थाटात विकणे ही मात्र लबाडी आहे. बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. वरून कोरडा, आतून भिजलेला ढीग पाहून प्रेषित (स.) यांनी विक्रेत्याला विचारले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आपल्या धंद्यातील भिजलेले धान्य म्हणजे आपली शंका. ती गिऱ्हाईकापुढे वर ठेवा. "भाऊ, हा भाग बदलून फरक पडेलच असे नाही" हे सांगून, त्याच्या मर्जीने बदलला तर व्यवहार साफ. न सांगता बदलला तर त्या रोजीत बरकत कुठून येणार?

सुट्या भागांच्या दुकानदारांनीही विचार करावा. विजेचा भाग परत घेणार नाही, ही पाटी योग्यच आहे. पण मिस्त्री चौथा सेन्सर न्यायला आला की, "दाब पाहिलास का, अर्थिंग पाहिलीस का?" एवढे विचारायला काय जाते? दुकानात एक गेज आणि एक मल्टिमीटर भाड्याने ठेवावा. आज एक भाग कमी खपेल, उद्या तोच मिस्त्री भरवशाने येईल.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे आणि इंजिन बदलले की आरटीओकडे नोंद लागते. कागदाशिवाय असे काम अंगावर घेऊ नये.

पण हा धडा फक्त अमेरिकन ट्रकांचा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि दारात येणारी जवळजवळ प्रत्येक नवी मोटारसायकल व स्कूटर इंजेक्शनवर आली. तिथे इंजेक्टरची जागा वेगळी, दाब जास्त, पण दाब, हवा, तापमान आणि ऑक्सिजन यांचा हिशोब तोच आहे. ज्या उस्तादाने हा हिशोब समजून घेतला त्याचे गॅरेज चालेल. ज्याने विद्या मुठीत ठेवली त्याचा शागीर्द उद्या कंपनीच्या शोरूममध्ये गाड्या धुताना दिसेल.

म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये एक वही ठेवा. कोणती गाडी, काय तक्रार, कोणता आकडा, काय मोजले, काय निघाले, हे मराठीत किंवा उर्दूत लिहून काढा. वर्षभरात ती वही गॅरेजातील सर्वांत किमती हत्यार ठरेल, आणि शागीर्दाला द्यायला त्याहून चांगला वारसा नाही.