शेजार कुणाचा?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला जेवायला नेले. "सर, तुमच्याच लोअर परळात एक झकास गॅस्ट्रोपब निघालाय. चला, एकदा बघा तरी!" असे तो म्हणाला. माझे इंग्रजी पडले मॅट्रिकचे. गॅस्ट्रो हा शब्द मी आजवर फक्त साथीच्या बातम्यांत वाचलेला. "अरे, जेवायला नेतोस की दवाखान्यात?" मी विचारले. तो पोट धरून हसला. पण वाचकहो, तिथून परतल्यावर मला मात्र हसू आले नाही. का, ते सांगतो.

दारू वाईट, हे सांगण्यासाठी मी ऐन फराळाच्या वेळी आपल्याला वेठीस धरणार नाही. माझे भांडण पेल्याशी नाही, पाटीवरच्या एका शब्दाशी आहे. त्या पाटीवर लिहिले होते, 'नेबरहुड गॅस्ट्रोपब'. म्हणजे शेजारपाजारचा! आता पब म्हणजे मुळात पब्लिक हाउस, लोकांचे घर. जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली लंडनच्या एका सायंदैनिकात आपल्या मनातल्या पबाचे वर्णन केले. त्यात त्याला कौतुक कशाचे? नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, त्यांना नावानिशी ओळखणाऱ्या वाढणाऱ्या बायकांचे, बोललेले ऐकू येईल अशा शांततेचे आणि पोराबाळांसह बसता येईल अशा बागेचे. असा पब प्रत्यक्षात नाही, हेही त्याने शेवटी कबूल करून टाकले.

पुढे 1991 साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर दोघा मित्रांनी 'द ईगल' नावाचा जुना पब घेतला. मोठे हॉटेल काढण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. जुन्या खुर्च्या, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चूल. गॅस्ट्रोपब जन्मला तो असा, काटकसरीतून.

आणि आमच्याकडे? त्याच 1991 साली मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचा नियम आला. ढोबळमानाने एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांना, एक स्वस्त घरांना आणि एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती झाली, की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची. शेडखालची जमीन वाटणीतून सुटली! 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. तेव्हा, महाराज, इथला शेजार वाऱ्याने उडून गेलेला नाही. तो कागदावर, रीतसर, उठवला गेला आहे.

अशाच एका गिरणीच्या आवारात आम्ही जाऊन बसलो. भिंतीवर काचेच्या पेटीत बॉबिन मांडलेले. शेजारी खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे छायाचित्र. आणि यादीत काय, तर 'खानावळ पिठलं'! बशीत तीन चमचे पिठले, तळहाताएवढी भाकरी आणि किंमत पाचशेच्या घरात.

वाचकहो, माझी आई खानावळ चालवीत असे. दहा बाय बाराच्या खोलीत, बारा माणसांची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. मी तेव्हा दोन वर्षांचा. पुढचे सारे मी घरात ऐकत वाढलो. आमटीत पाणी वाढत गेले, पण आईने कुणाचे ताट काढले नाही. तिच्या बांगड्या गहाण पडल्या, त्या सुटल्या नाहीत. माणसे एकेक करून कोकणात, घाटावर निघून गेली. उधारीची वही तेवढी आमच्याकडे राहिली. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते काही भिंतीवर चित्र लावण्यासाठी नव्हे!

कुणी म्हणेल, मास्तर जुन्या दिवसांचे गोडवे गातात. मुळीच नाही. त्या खानावळींत धूर होता, बायकांच्या कमरा मोडत होत्या आणि गावाच्या नि जातीच्या पंगती वेगळ्या होत्या. या पबात मला कुणी जात विचारली नाही. शेजारच्या टेबलावर चार मुली मोकळेपणाने हसत जेवत होत्या. हे चांगले आहे, आणि ते मी मोठ्याने सांगतो. स्वयंपाकही बरा होता. पण जातीचा उंबरा काढला आणि पाकिटाचा घातला, एवढ्याने घर लोकांचे होते काय?

वाढणाऱ्या पोराला मी विचारले, "बाळ, तू कुठे जेवतोस?" गाण्याच्या कल्लोळात त्याला दोनदा विचारावे लागले. तो म्हणाला, "बाहेर, गाडीवर. वडापाव." झाले! त्या घराचा स्वभाव मला त्या दोन शब्दांत कळला. ज्या घरात वाढणारा जेवू शकत नाही, जिथे समोरच्या चाळीतली म्हातारी बाकावर टेकू शकत नाही, त्याने हवे ते विकावे, हव्या त्या भावाने विकावे. धंदा करायला माझी ना नाही. फक्त 'शेजार' हा शब्द पाटीवरून उतरवावा. आणि तो ठेवायचाच असेल, तर दुपारी एक लांब बाक मांडून तेच पिठले आसपासच्या कष्टकऱ्याला परवडेल अशा भावात वाढावे. ते जमत नसेल, तर निदान भिंतीवरच्या त्या बायकांना सोडावे. त्यांचे कष्ट काही शोभेसाठी नव्हते.

बिल माझ्या विद्यार्थ्याने दिले. भला मुलगा आहे तो. त्याच्यावर माझा राग नाही. घरी आलो तेव्हा आई जागी होती. "काय होतं रे तिथं?" तिने विचारले.

"तुझंच पिठलं होतं, आई."

तिला नवल वाटले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "बरं झालं. कुणी चालवतंय म्हणायचं. आणि महिनाअखेरीला कुणाकडे पैसे नसले, तर लिहून ठेवतात ना रे?"

मला उत्तर देता आले नाही. ते त्या पाटीवाल्यांनी द्यावे.