औषध थांबविण्याचे शास्त्र

उच्च रक्तदाबावरील औषध सुरू करताना आपण रुग्णाची नाडी पाहतो, मूत्रपिंडाच्या कार्याची चाचणी करवितो आणि अल्प मात्रेने आरंभ करून ती क्रमाक्रमाने वाढवितो. परंतु तेच औषध काढून घेण्याचा प्रसंग आला म्हणजे ही सारी सावधगिरी मावळते आणि ‘ही गोळी आता बंद’ एवढ्या तोंडी हुकमावर काम भागविले जाते.

या बेफिकिरीची किंमत सर्वांत ठळकपणे दिसते ती क्लोनिडिनच्या बाबतीत. मेंदूतील आल्फा-2 रिसेप्टरांच्या द्वारे अनुकंपी तंत्रिका-तंत्राला आवर घालणारे हे औषध अकस्मात बंद झाले, तर साधारणतः 18 ते 72 तासांत तो आवर सुटून डोकेदुखी, धडधड, घाम व कंप यांसह रक्तदाब कधीकधी उपचारापूर्वीच्या पातळीच्याही वर जातो. बीटा-ब्लॉकरांची तऱ्हा निराळी: त्यांच्या दीर्घ सेवनाने रिसेप्टरांची संख्या वाढलेली असते, आणि औषध एकाएकी थांबताच ॲड्रेनॅलिनच्या नित्याच्या प्रवाहानेही हृदय अतिरेकाने उत्तेजित होते, म्हणूनच ज्यांच्या हृद्‌रोहिणी आधीच अरुंद आहेत त्यांना हृद्‌शूळ, हृदयविकाराचा झटका व घातक तालभंग यांचा धोका संभवतो. बीटा-ब्लॉकरची मात्रा एक ते दोन आठवड्यांच्या मुदतीत उतरवावी. दोन्ही औषधे चालू असल्यास बीटा-ब्लॉकर आधी सावकाश काढून, काही दिवसांनी क्लोनिडिन कमी करावे. क्रम उलटला, तर रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाला मोकळे रान मिळते.

अर्थात सर्व औषधांना एकच भय चिकटविणे शास्त्राला धरून नाही. अॅम्लोडिपिन, एसीई-इन्हिबिटर किंवा मूत्रल औषधे यांच्या त्यागाने सहसा असा उसळता दाब येत नाही. मूळचा वाढीव दाब काही दिवसांत वा आठवड्यांत निमूटपणे परततो, आणि रुग्णाला काहीच जाणवत नसल्यामुळे ‘आता बीपी नॉर्मल आहे’ हा त्याचा समज मात्र कायम राहतो. उलटपक्षी, एसीई-इन्हिबिटरने ओठ व जीभ सुजली असता मुदतीची मुभा देणे हाच अपराध ठरेल. तेथे औषध तत्क्षणी बंद झाले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वी ‘उपाशीपोटी’ असा आदेश देताना नित्याचा बीटा-ब्लॉकर घोटभर पाण्याबरोबर द्यावयाचा की नाही, याचा स्वतंत्र उल्लेख असावा. नवरात्राचे उपवास, गावची जत्रा किंवा संपलेली पाकिटे यांमुळे गोळ्या सुटल्या आहेत काय, ही चौकशी अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णापाशी नवे औषध लिहिण्यापूर्वीच व्हावी. कारण क्लोनिडिन सुटल्यामुळे उसळलेल्या दाबावरचा पहिला उपाय बहुधा तेच क्लोनिडिन पुन्हा सुरू करणे हा असतो, आणि अशा वेळी नुसता बीटा-ब्लॉकर देणे अपायकारक होते.

औषध थांबविणे हीही चिकित्साच होय. तेव्हा कोणते औषध, किती दिवसांत, कोणत्या पायरीने उतरवावयाचे आणि रक्तदाब पुन्हा केव्हा मोजावयाचा, हे चार तपशील रुग्णाच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिण्याचा शिरस्ता प्रत्येक दवाखान्याने पाडावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.