घाण्याचं तेल आणि समोरचा माणूस

वरोऱ्याच्या आसपास हिवाळ्यात जवसाला निळी फुलं येतात. जवसाची चटणी आपल्या ताटातली; पण लिनसीड ऑईल म्हणजे त्याच जवसाचं तेल, हे रंगाच्या दुकानात शिरलं की आपण विसरतो. कॉलेजात असताना मी उलटा शहाणपणा केला. घाण्यावरचं ताजं तेल आणून त्यात आजोबांचं पोर्ट्रेट रंगवलं. तीन महिने गाल चिकट राहिला. मिशीत धूळ, कापूस आणि एक चिलट कायमचं बसलं. चटणीला चालतं ते तेल चित्राला चालत नाही. त्यातला चिकटा काढावा लागतो.

पोर्ट्रेट शिकणारे विचारतात ते त्वचेच्या रंगाचं. तेलाचं कुणी विचारत नाही. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचा थर टर्पेंटाईनने पातळ आणि वरचे क्रमाने तेलकट. हे उलटं झालं की चित्र तडकतं. सुरुवात बर्न्ट अंबरने करा. त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर सुकतो. केसांसाठी आधीच सावकाश सुकणारा आयव्हरी ब्लॅक फासणारे पुढे भेगा मोजत बसतात.

चेहऱ्याला मात्र हे सावकाश सुकणं सोयीचं. काल लावलेली गालाची कड आजही मऊ करता येते, चुकलेलं नाक पॅलेट नाईफने खरवडता येतं. फक्त माणूस उद्याही समोर बसायला हवा, आणि इथेच आपण मोबाईल काढतो. फोटोत हनुवटीखालची सावली सपाट काळी येते. त्याच माणसाला दुपारी ओसरीत बसवून बघा: सावळ्या गालाच्या सावलीत आकाशाचा निळा दिसतो, पांढऱ्या बंडीवरचा उजेड उसळून हनुवटीखाली येतो.

वरोऱ्यात मॉडेल मिळत नाही, ही तक्रार मला पटत नाही. चित्रकार वासुदेव कामतांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं ते ‘माय वाईफ’ या चित्राला. मॉडेल घरचंच. बाहेरचं कुणी बसवलंत तर त्या दिवसाची रोजी द्या, फुकटात बसवू नका.

पुढच्या अंकासाठी पोर्ट्रेट पाठवाल तेव्हा किती बैठका झाल्या ते मागे लिहा. आणि तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, बोळा आपोआप पेटू शकतो. आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको.