लंडन किती तासांवर?

गतवर्षीच्या श्रावणात जोयडा तालुक्यातील आमच्या एका आप्तांच्या घरी पहाटे पाचच्या सुमारास वडील निवर्तले. थोरला मुलगा लंडनला. त्यास दूरध्वनी गेला, आणि ओसरीवर जमलेल्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला: थांबावयाचे की नाही? कोणी म्हणाले, "विमान नऊ तासांचे. दिवेलागणीला पोचेल की!"

हा हिशेब चुकला होता. आपल्या अनेक घरांत तो असाच चुकतो, म्हणून या खेपेस तो मांडतो.

मुंबई-लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. १९४८ साली एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ८ जूनच्या रात्री मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले. आजचे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते; म्हणजे आठ तास पुरावेत. पण पुरत नाहीत. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट कराचीच्या बाजूने इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले, पाकिस्तानने आपले आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद केले. वळसा आलाच! शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना समोरून, येताना पाठीमागून. त्यामुळे येण्यास साधारण नऊ तास, तर जाण्यास त्याहून अधिक. तिकिटावरील वेळा स्थानिक घड्याळाच्या असतात, हेही ध्यानी ठेवावे. लंडन उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असते, हिवाळ्यात साडेपाच.

आपल्या पहाटे पाचला तेथे रात्रीचे साडेबारा वाजले होते. मुलास सकाळी दहाचे विमान मिळाले, हेही नशीबच. मुंबईत तो उतरला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. गोव्याचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. दाबोळीहून जोयडा पक्ष्याच्या वाटेने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पण माणसाला फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर असे यावे लागते, आणि श्रावणातला तो घाट! तो दारात आला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. एकतीस तास, त्यांतले लंडनच्या विमानातले अवघे नऊ.

मंडळी थांबली नव्हती. गावच्या एका शिक्षकांनी कागदावर हाच हिशेब करून दाखविला होता, आणि सायंकाळी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा अस्थिसंचयनास होता. आईने त्याला एवढेच विचारले, "वाटेत काही खाल्लंस का?"

तो कागद त्या घरी दूरध्वनीशेजारी अजून चिकटविलेला आहे. खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे: पावसाळ्यात घाटासाठी दोन तास अधिक धरावे.