सरासरी पाऊस

"काय, यंदा कसा आहे मुंबईचा पाऊस?" पुण्याची मामी, नागपूरचा काका आणि कॅलिफोर्नियातला चुलतभाऊ, सगळे दर जुलैत फोनवर हेच विचारतात. मीही "नेहमीसारखाच" म्हणून मोकळा होतो. पण मंडळी, हा 'नेहमीसारखा' पाऊस म्हणजे नक्की कसला?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला साधारण २३०० मिमी पाऊस पडतो. १२२ दिवसांनी भागा, की रोजचा १९ मिमीदेखील भरत नाही. असा शहाण्यासारखा रोज थोडा थोडा पडणारा पाऊस मुंबईत कोणी पाहिला असेल तर मला जरूर कळवा!

आपला पाऊस असा असतो: चार दिवस नुसतं दमट, तारा २५ ते ३० अंशांत अडकलेला, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, पापड मऊ. मग किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो, समुद्रावरून वारा सुटतो आणि दोन दिवसांत पंधरवड्याचा हिशोब चुकता. शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस!

आणि १०० मिमी दिवसभरात पडला तर आपण भजी तळतो. तोच दोन तासांत पडला, त्यात समुद्राला मोठी भरती असली, की हिंदमाता आणि मिलन सबवे पाण्यात. कारण साधं आहे. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करायचं ठरलं १९९३ च्या अहवालात. शिवाय भरतीच्या वेळी समुद्रच पाणी घ्यायला तयार नसतो. सखल शहर, बराचसा भाग भराव घालून केलेला. पाणी जाणार कुठे?

म्हणून माझं म्हणणं असं, की पाऊस वर्षाच्या किंवा दिवसाच्या आकड्यात न मोजता तासाच्या आकड्यात मोजावा. आणि तो 'कोणाला' पडतो हेही बघावं.

रेड अलर्ट आला की शाळा बंद होतात. माझ्यासारखे लोक लॅपटॉप उघडून घरून काम करतात. पण त्याच दिवशी सोसायटीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा काय, तर "आज कोणाकोणाची बाई आली?" आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी कुर्ल्याला मिठीजवळ राहतात. पाणी भरायला लागलं की घरातलं सामान वर चढवायचं की कामाला निघायचं, हे त्यांना सकाळी सहालाच ठरवावं लागतं. न आल्या तर चार घरांपैकी दोन घरं खाडा धरतात. मग त्या येतात, गुडघाभर पाण्यातून, आणि आपण त्याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणतो. मला तर त्यात स्पिरिट वगैरे काही दिसत नाही, कापल्या जाणाऱ्या पैशांची भीती दिसते.

आमच्या घरापुरता नियम आम्ही केला आहे. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी मावशींना सुट्टी, पगारी, आणि आदल्या संध्याकाळीच फोन करून तसं सांगायचं. भांडी आपण घासायची. अख्ख्या पावसाळ्यात असे दिवस ते किती येणार? आणि अंदाज चुकून लख्ख ऊन पडलं तर पडलं. खात्याचा अंदाज चुकला म्हणून मावशींनी का भरपाई करावी?

सोसायटीच्या सभेत हे मांडलं तेव्हा एक काका म्हणाले, "असे लाड केलेत तर सगळ्याच मागतील." मागू देत की! मला तर तेच हवं आहे.

तुमच्याकडे काय पद्धत आहे?