पाणवठ्यावरचे डोळे : रानातल्या हरणाची माहिती कोणाच्या मालकीची?

ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला, ॲरिझोना आणि यूटा यांच्या सीमेलगत, कैबाबचे पठार आणि त्याच्या पश्चिमेचा ‘ॲरिझोना स्ट्रिप’ हा वैराण पट्टा आहे. अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या जगात या भागाचे नाव आदराने घेतले जाते, कारण इथल्या म्यूल डिअर जातीच्या नरांची शिंगे असाधारण मोठी वाढतात. पाणी मात्र दुर्मीळ. गुरांसाठी खोदलेली तळी आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेले हौद, एवढाच काय तो आधार. उन्हाळ्याच्या अखेरीस प्रत्येक हरणाला केव्हा ना केव्हा तिथे यावेच लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा एकेका पाणवठ्याभोवती डझनावारी ट्रेल कॅमेरे बांधलेले असत. आज हा शिकारी, उद्या तो वाटाड्या, असे कोणी ना कोणी येऊन मेमरी कार्डे बदलून जाई आणि तहानलेले जनावर माणसांची ही वर्दळ पाहून लांबच थबकून राही.

जून २०२१मध्ये ॲरिझोनाच्या ‘गेम अँड फिश कमिशन’ने शिकारीसाठी किंवा शिकारीला साहाय्य म्हणून ट्रेल कॅमेरा वापरण्यास एकमताने बंदी घातली. १ जानेवारी २०२२पासून ती राज्यभर लागू झाली. त्याच महिन्यात यूटाच्या वन्यजीव मंडळाने ३१ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी हे कॅमेरे वापरण्यास मनाई केली. नेवाडाने सार्वजनिक जमिनींवर हंगामी निर्बंध त्याआधीच आणले होते. २०२३मध्ये कॅन्ससने आपल्या वन्यजीव खात्याच्या ताब्यातील जमिनींवर कॅमेरे निषिद्ध ठरवले. यांपैकी एकही राज्य शिकारीला विरोध करणारे म्हणून ओळखले जात नाही. बंदूक आणि शिकारीचा परवाना या तिथल्या घरोघरच्या गोष्टी आहेत, आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांतही शिकारी मोठ्या संख्येने होते. म्हणूनच हा वाद ‘प्राणिप्रेमी विरुद्ध शिकारी’ या परिचित चौकटीत बसत नाही.

भारतातून आलेल्या माणसाला तो आणखीच कोड्यात टाकतो. तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न कायद्यापुरता मिटला आणि हाच कॅमेरा ‘कॅमेरा ट्रॅप’ या नावाने व्याघ्रगणनेचे मुख्य साधन झाला. २०१८च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी टिपलेल्या सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रांतून पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक वाघ वेगळा ओळखला गेला. ताडोबा किंवा मेळघाट म्हटले की झाडाच्या बुंध्याला बांधलेली ती हिरवट पेटी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येते ती रक्षकाच्या भूमिकेत. अमेरिकेत तीच पेटी क्रीडासाहित्याच्या दुकानात, काडतुसांच्या शेजारच्या मांडणीवर विकली जाते.

या साधनाचे मूळ मात्र अमेरिकेतलेच, आणि तेही एका शिकाऱ्याच्या मनपरिवर्तनातले. पेनसिल्व्हेनियातून काँग्रेसवर निवडून गेलेले जॉर्ज शायरस यांनी बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला. प्राण्याचा धक्का लागताच चमकदिवा पेटेल आणि छायाचित्र निघेल, अशी तारेची योजना त्यांनी केली. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये त्यांची ७४ छायाचित्रे छापली गेली, तेव्हा रात्रीचे रान लोकांनी जणू प्रथमच पाहिले. पुढे तारेची जागा उष्णता आणि हालचाल टिपणाऱ्या संवेदकाने घेतली, फिल्मची जागा मेमरी कार्डाने. तरीही शिकाऱ्याला कार्ड आणण्यासाठी रानात पायपीट करावीच लागे. खरा पालट झाला तो कॅमेऱ्यात मोबाइलचे सिम बसल्यावर. आता हरीण पाण्यावर आले की काही क्षणांत त्याचे चित्र शेकडो मैलांवरच्या कचेरीत बैठकीला बसलेल्या माणसाच्या फोनवर उमटते. कोणता नर, किती वाजता, कोणत्या वाटेने, वारा कुठला, चंद्र कोणत्या कलेचा, या साऱ्याची नोंद ठेवून तो पुन्हा केव्हा येईल याचा अंदाज बांधून देणारी ॲप्सही आहेत.

अमेरिकी शिकारसंस्कृतीत ‘फेअर चेस’ नावाची एक जुनी मर्यादा आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७मध्ये स्थापन केलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने तिचा पुरस्कार केला. शिकाऱ्याने जनावरावर अनुचित वरचढपणा मिळवू नये, त्याला निसटण्याची खरी संधी असावी, हे तिचे सार. कायद्यानेही ही मर्यादा वेळोवेळी आखली आहे. १९७१च्या केंद्रीय कायद्याने विमानातून शिकार करणे गुन्हा ठरवले. अलास्कात तर विमानातून उतरलेल्या दिवशी बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. सकाळी वरून हेरावे आणि दुपारी टिपावे, हे होऊ नये म्हणून. स्वतः क्लबनेही तत्काळ चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने मारलेले जनावर आपल्या विक्रमांच्या नोंदवहीत न घेण्याचे ठरवले आहे.

एवढ्यावर हा प्रश्न शिष्टाचाराचाच राहिला असता. पश्चिमेकडील राज्यांना कायदा करावा लागला, त्याचे कारण अधिक व्यावहारिक आहे, आणि ते व्यावसायिक वाटाड्यांच्या धंद्यात सापडते.

अमेरिकेत रानातले जनावर जमिनीच्या मालकाचे नसते. ते राज्यातील जनतेचे असते आणि राज्य त्याचे विश्वस्त असते. १८९६च्या ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठळकपणे मांडले. १९७९मध्ये तो निकाल फिरवला गेला, तरी विश्वस्तपणाची कल्पना राज्यांच्या कायद्यांत टिकून आहे. राजेरजवाड्यांच्या राखीव रानांचा युरोपीय वारसा नाकारणारी ही व्यवस्था अमेरिकी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे. इथे शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. ॲरिझोना स्ट्रिपसारख्या भागाचा ‘टॅग’ मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे अर्ज करून गुण साठवतात. सोडतीत ट्रकचालक आणि शल्यचिकित्सक एकाच रांगेत असतात.

सोडत लागल्यानंतर मात्र रांग मोडते. अनेक हजार डॉलर देऊन वाटाड्या नेमणाऱ्या ग्राहकाला काय विकत मिळते? तंबू, जेवण, घोडे हे वरवरचे. खरा माल म्हणजे माहिती: अमुक दरीत अमुक शिंगांचा नर आहे आणि तो अमुक हौदावर पहाटे येतो. मोठ्या प्रमाणावर कॅमेरे लावणाऱ्या वाटाड्याकडे हंगाम सुरू होण्याआधीच त्या प्रदेशातील बहुतेक मोठ्या नरांची यादी तयार असते. काहींना तर टोपणनावेही दिलेली असतात. ठिकाण दाखवून देणाऱ्याला दलाली देण्याची प्रथा यातूनच रुजली. हरीण सार्वजनिक, जमीन सार्वजनिक, पाणीसुद्धा सार्वजनिक पैशाने साठवलेले. या तिन्हींविषयीची माहिती मात्र खाजगी, आणि ज्याच्याकडे माहिती त्याचेच हरीण, अशी ही गंमत आहे. काही राज्ये दरवर्षी संवर्धननिधीसाठी मोजके टॅग लिलावात काढतात. यूटातील अँटेलोप आयलंडवरच्या एका म्यूल डिअरच्या टॅगसाठी लाखो डॉलरची बोली लागते. एवढी रक्कम मोजणारा मनुष्य नशिबावर विसंबून रानात जाणार नाही, हे उघड आहे.

म्हणूनच यूटाच्या नियमातील कमी चर्चिलेला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यातील चित्रे आणि माहिती यांची खरेदी-विक्रीच तिथे निषिद्ध करण्यात आली. दुखणे यंत्रात नसून बाजारात आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनी लिहिलेले हे कलम आहे. ॲरिझोनाचा नियम सरसकट असला, तरी हेतूवर आधारलेला आहे. संशोधनासाठी, छायाचित्रणाच्या छंदासाठी किंवा गुरांवर लक्ष ठेवण्यासाठी लावलेला कॅमेरा चालतो, शिकारीसाठी लावलेला चालत नाही. ऑगस्टमध्ये ‘छंद’ म्हणून पाहिलेला नर नोव्हेंबरमध्ये मारला, तर मधल्या काळात मनात काय होते हे वनरक्षकाने सिद्ध कसे करायचे?

विरोधकांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. नोकरदार माणसाला वर्षातून दोन शनिवार-रविवार मोकळे मिळतात. एखादा स्वस्त कॅमेरा हाच त्याचा वाटाड्या असतो. चित्रे पाहून वयस्क नर निवडता येतो, कोवळा नर वाचतो, हाही लाभ आहे. कॅमेरे गेले म्हणून श्रीमंत ग्राहकाचे काही अडत नाही. त्याचा वाटाड्या चार पोरे पगारावर ठेवून त्यांना दुर्बिणी देऊन डोंगरमाथ्यांवर बसवतो. बंदीचा भार असा उलट्या बाजूला पडण्याचा धोका खरा आहे. तरीही दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला झोप लागते, ऊन लागते, आणि त्याचा पगार द्यावा लागतो. शंभर कॅमेऱ्यांची जागा शंभर माणसे घेऊ शकत नाहीत.

मिसिसिपी नदी ओलांडून पूर्वेला आले की हीच पेटी जवळपास निरुपद्रवी ठरते. इथले हरीण वेगळे, ‘व्हाइटटेल’ म्हणजे पांढऱ्या शेपटीचे. १९००च्या सुमारास बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने त्याची देशभरातील संख्या पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहे. न्यू जर्सीच्या एडिसन-प्रिन्स्टन पट्ट्यात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. कुंडीतल्या शेवंतीपासून परसातल्या मेथीपर्यंत सारे फस्त झालेले त्यांनी पाहिले आहे. संध्याकाळी महामार्गावर अचानक पुढे आलेले हरीण आणि गोचिडीतून होणारा लाइम आजार या त्याहून गंभीर गोष्टी. प्रिन्स्टनने २००१मध्ये व्यावसायिक नेमबाज बोलावून हरणे मारण्याचा मार्ग पत्करला, तेव्हा गावात मोठे वादळ उठले होते. न्यू जर्सीत उंच मचाणावरून खाली नेम धरणाऱ्या धनुर्धाऱ्याला घरापासून १५० फुटांपर्यंत शिकार करता येते, त्याहून जवळ यायचे तर घरमालकाची परवानगी लागते. त्यामुळे घरामागे चार झाडे असलेल्या एखाद्या संगणक अभियंत्याच्या दारावर शनिवारी सकाळी परवानगी मागायला शिकारी येऊन उभा राहतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घराला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते. अशा ठिकाणी कॅमेऱ्याने एखादे हरीण जास्त सापडले, तर त्याची तक्रार गावात क्वचितच कोणी करील.

विस्कॉन्सिनने तर या पेटीचा आणखी एक उपयोग काढला. २०१६पासून तिथल्या निसर्गसंपदा खात्याच्या ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’ या उपक्रमात सामान्य नागरिक आपापल्या भागात कॅमेरे सांभाळतात आणि घरबसल्या कोणीही त्यातील प्राणी ओळखून नोंदवू शकतो. जिथे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लाखो माणसे नारिंगी जाकिटे घालून रानात उतरतात, त्याच राज्यात हे चालते.

टेनेसीतील वाद मात्र उलट्या दिशेने गेला. तिथे राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्यांनीच शिकारीच्या नियमांचा भंग पकडण्यासाठी खाजगी जमिनींवर वॉरंटाशिवाय कॅमेरे लावले. केंद्रीय कायद्यात १९२४ आणि १९८४च्या निकालांनुसार घरालगतच्या आवारापलीकडील मोकळ्या जमिनीला झडतीपासून घटनात्मक संरक्षण नाही. पण मे २०२४मध्ये टेनेसीच्या अपील न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे अशा झडतीला आक्षेपार्ह ठरवले. हरणावर डोळा ठेवणाऱ्यावर कोणी डोळा ठेवला, की पाळतीचा त्रास त्यालाही कळतो.

या साऱ्यामागे पैशाचे गणित आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका, दारूगोळा आणि धनुष्यबाण यांवर केंद्रीय अबकारी कर लागतो (लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के), आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्यात परवान्यांचे शुल्क मिळवले की या खात्यांच्या उत्पन्नाचा कणा तयार होतो. साहजिकच नियम करताना शिकाऱ्याचा शब्द वजनदार ठरतो. २०२२च्या केंद्रीय पाहणीनुसार देशात शिकारी होते १ कोटी ४४ लाख, आणि पक्षी-प्राणी केवळ पाहण्यात रस असणारे सुमारे १४ कोटी ८० लाख. या दुसऱ्या गटाच्या दुर्बिणींवर, पक्ष्यांच्या दाण्यांवर आणि ट्रेल कॅमेऱ्यांवर असा कोणताही कर नाही. पाहणाऱ्यांच्या साधनांवर कर बसवण्याचा प्रयत्न १९९०च्या दशकात झाला, तेव्हा उत्पादकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. त्यानंतर वन्यजीवांसाठी सरकारी तिजोरीतून थेट निधी देणारे ‘रिकव्हरिंग अमेरिकाज वाइल्डलाइफ ॲक्ट’ हे विधेयक जून २०२२मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये ते मतदानाला आलेच नाही.