गोल म्हणजे नक्की किती गोल?

ब्रोशरमधला तो चकाचक मिक्सर बघितलाय? बऱ्याचदा तो फोटो नसतोच राव, रेंडर असतो. आणि आम्हा रेंडरवाल्यांची अर्धी लढाई त्याच्या गोल नॉबशी असते.

फंडा असा. इंजिनिअरच्या कॅड फाइलमधला गोल हा गणिताचा गोल. कितीही झूम करा, गोलच! हे वक्रांचं गणित १९६०च्या आसपास फ्रेंच कार कंपन्यांत घडलं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, रेनोमध्ये पिएर बेझिए. रेंडरिंगला मात्र बहुतेक वेळा त्रिकोणच लागतात. म्हणजे गोलाचे तुकडे पाडणं आलं.

२० मिलिमीटर त्रिज्येच्या नॉबचे २४ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या गोलापासून ०.१७ मिलिमीटर आत जातो. क्लोजअपमध्ये कोपरे दिसतात. ९६ केले, की फरक जेमतेम ०.०१. मग सगळीकडेच बारीक तुकडे का नाही? कारण आतल्या स्क्रूच्या आट्यांचेही ढीगभर त्रिकोण होतात आणि मशीन मान टाकतं.

म्हणून मी आधी न दिसणारे स्क्रू उडवते आणि बाहेरच्या कडांवर तुकडे वाढवते. मधला भाग ‘नॉर्मल्स’ सांभाळतात. प्रत्येक बिंदूला मूळ पृष्ठभागाची दिशा दिली, की त्रिकोणांवरूनही उजेड सलग सरकतो. बाह्यरेषेला मात्र ही जादू लागू नाही. तिथे कंजुषी केली, की अख्खा मिक्सरच स्वस्तातला वाटतो. इंजिनिअरने जीव ओतलेली कड आपण एका सेटिंगपायी घालवायची? नो वे, बॉस!